झोपाळ्याचा चिकटपणा आणि जास्वंदीवरचा कापूस

एका वाचक ताईंचं पुण्याहून आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देते.

"तीन वर्षांपूर्वी राजापूरचं घर आवरलं. तिथला सागवानी झोपाळा, देव्हारा आणि आजेसासूबाईंची शिसवी पेटी इकडे बाणेरला आणली. झोपाळा गॅलरीत टांगलाय, जास्वंदीच्या मोठ्या कुंडीला लागून. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखी पांढरी कीड आहे, ती काही केल्या जात नाही. झोपाळ्याची जास्वंदीकडची बाजू दोन दिवसांत चिकट होते. पूर्वी कुणी तेल चोळलं असेल ते सुटतंय, असं वाटून मी सारखी पुसते. एका व्हिडिओत उपाय पाहिला: एक चमचा भांडी घासायचं लिक्विड, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा खायचा सोडा, लिटरभर पाण्यात. 'लाकूडही चकाचक आणि झाडावरची कीडही साफ.' दोन्हीकडे वापरलं. झोपाळ्यावर पांढुरके डाग पडले, देव्हाऱ्यावरचे हळदीचे डाग लालसर झाले, जास्वंदीची पानं कडेने करपली आणि कीड होती तिथेच आहे. सोसायटीत टँकरचं पाणी येतं, साबणाला फेस येत नाही. लाकडाला आणि झाडाला दोन्हींना चालेल असा एखादा घरगुती साबण आहे का? आणि पेटीखाली पिठासारखा भुगा पडतोय, त्यावर पॉलिश मारलं तर थांबेल का?"

ताई, झोपाळ्याची फक्त जास्वंदीकडचीच बाजू चिकट होते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. पण तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे. ते तेल नाही. जुनं तेल सुटायचं असतं तर ते दोन्ही बाजूंनी सुटलं असतं, आणि पुसल्यावर दोन दिवसांत पुन्हा आलं नसतं. तो चिकटा जास्वंदीवरून खाली पडतोय.

शेंड्यांवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, बागवाले ज्याला मिलीबग म्हणतात तो. हा किडा सोंड खुपसून झाडाचा रस पितो. त्या रसात साखर भरपूर आणि वाढीला लागणारी पोषक द्रव्यं अगदी थोडी. त्यामुळे त्याला गरजेपुरतं पोषण मिळवायला खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर तो थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. ते गोड थेंब खालच्या पानांवर पडतात, कठड्यावर पडतात, तुमच्या झोपाळ्यावर पडतात. झोपाळ्याच्या कड्यांवरून मुंग्यांची रांग जात असेल, तर शंकाच नको. खात्री करायची असेल तर आज रात्री झोपाळ्याच्या त्या बाजूला एक स्वच्छ स्टीलची थाळी ठेवा. सकाळी तिरप्या उजेडात धरलीत की बारीक चकचकीत ठिपके दिसतील. ओल्या बोटाने ते लगेच विरघळतात. तेल असतं तर विरघळलं नसतं.

म्हणून आधी झाडाकडे बघायचं, मग लाकडाकडे. जास्वंद स्वच्छ होईपर्यंत झोपाळ्याला कितीही पॉलिश केलंत तरी त्यावर साखरच साचणार आणि त्या साखरेवर काळी बुरशी धरणार. संत्र्याच्या बागांमध्ये अशा काळ्या थराला कोळशी म्हणतात. ती लाकडाच्या रेषांमध्ये बसली की काढायला फार त्रास होतो. तोवर झोपाळ्यावरचा चिकटा रोज कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. साखर पाण्याने जाते, तिला साबण लागतच नाही. जमलं तर कुंडी हातभर लांब सरकवा.

आता त्या व्हिडिओतल्या मिश्रणाबद्दल. असले उपाय इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जातात की आपल्याला तपासून बघावंसंही वाटत नाही, आणि नुकसान होतं ते पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वस्तूंचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं, ते बघायला जोरदार वाटतं. पण ती फसफस म्हणजे दोघांनी एकमेकांना निकामी करणं आहे. वायू उडून जातो, मागे क्षार आणि पाणी उरतं. व्हिनेगरमध्ये आम्ल असतं जेमतेम ४-५ टक्के, त्यामुळे चमच्याला चमचा घेतलंत तर बराच सोडा तसाच शिल्लक राहतो. म्हणजे तुमच्या बाटलीत होतं काय, तर भांड्यांचं डिटर्जंट, सोडियमचे क्षार आणि उरलेला सोडा, तेही टँकरच्या जड पाण्यात. जुन्या पॉलिशला यातलं काहीच मानवत नाही आणि पानांनाही नाही.

हळदीचे डाग लाल झाले ते याच सोड्यामुळे. हळद अल्कलीत लाल होते. साबणाने कपडे धुताना हळदीचा डाग लाल होतो, त्याचं कारण हेच. हा गुण तुम्ही पुढे कामाला लावा. कुठलंही क्लीनर देव्हाऱ्याला लावण्याआधी पांढऱ्या कागदी रुमालावर ओली हळद चोळा, वाळू द्या आणि त्यावर क्लीनर मिसळलेल्या पाण्याचा एक थेंब टाका. लाल झालं, तर ते जुन्या लाकडापासून लांब ठेवायचं. पिवळं राहिलं, तर पुढचा विचार करायचा. कपडे धुण्याची पावडर, धुण्याचा सोडा, अंगाचा साबण हे सगळे लाल करतील. भांड्यांची काही लिक्विडं करतील, काही करणार नाहीत.

साबण काय किंवा डिटर्जंट काय, त्याचं काम एकच: तेलकट आणि मेणचट पदार्थ सोडवून पाण्याबरोबर वाहून नेणं. तुमच्या गॅलरीत असे तीन थर आहेत. एक झोपाळ्यावरच्या पॉलिशचा, दुसरा जास्वंदीच्या पानावरचा पातळ मेणाचा, तिसरा त्या किड्याच्या अंगावरचा पांढरा मेणाचा. तुम्हाला फक्त तिसरा घालवायचाय, पहिले दोन राखायचेत. दोन्हीकडे चालेल असा एकच साबण मी तुम्हाला सांगणार नाही, त्याचं कारण हेच आहे. लाकडाला जेवढा सौम्य आणि जेवढा कमी तेवढा बरा. किडीवर मात्र थेट तिच्या अंगावर बसेल असा, आणि तोही पानाला झेपेल एवढ्याच ताकदीचा लागतो.

जास्वंदीपासून सुरुवात करू. पहिल्या दिवशी फवारायचं काहीच नाही. कात्री घ्या आणि कापसाने गच्च भरलेले, आखडलेले शेंडे सरळ छाटून टाका. जास्वंद छाटणी आनंदाने सोसते. छाटलेलं सगळं पिशवीत गच्च बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टच्या डब्यात किंवा कुंडीखाली नको. मग उरलेल्या झाडावर, विशेषतः पानांच्या मागून आणि फांद्यांच्या बेचक्यांत, पाण्याची जोरदार धार मारा. त्या वेळी झोपाळा जुन्या चादरीने झाकून घ्या. एवढ्यानेच बरीचशी कीड उतरते.

दुसऱ्या दिवशी साबण. रोपवाटिकेत किंवा शेती-औषधांच्या दुकानात पोटॅशियम सोप किंवा कीटकनाशक साबण मागा. मऊ, पातळ असा हा साबण असतो, सुगंध आणि रंग नसलेला. तो घरी करायच्या भानगडीत पडू नका. त्याला लागणारा कॉस्टिक पोटॅश कातडी आणि डोळे जाळतो. लिटरभर पाण्याला १० मिलीपासून सुरुवात करा, फार तर २० मिलीपर्यंत जा. दुकानात मिळालाच नाही, तर अंगाच्या साध्या साबणाचा पाच ग्रॅम कीस लिटरभर गरम पाण्यात विरघळवून, गार करून, गाळून वापरता येईल. पण वेष्टन वाचून घ्या. 'टॉयलेट सोप, ग्रेड १' आणि टीएफएम ७६ टक्के किंवा जास्त असं लिहिलेलं हवं. टीएफएम म्हणजे त्यातल्या स्निग्धाम्लांचं प्रमाण, आणि किड्यावर काम करतात ती हीच. 'बाथिंग बार' लिहिलेल्या वड्यांमध्ये हे प्रमाण बरंच कमी चालतं आणि बाकी भलतंच काही भरलेलं असू शकतं. भांड्यांच्या वडीत तर घासण्यासाठी भुकटी असते. ती झाडाला नको आणि लाकडाला तर अजिबात नको.

हा साबण कसा मारतो हे कळलं की फवारणी आपोआप नीट होते. तो विष नाही. तो किड्याच्या अंगावरचं मेण सोडवतो, त्याच्या पेशींची आवरणं बिघडवतो आणि श्वास घेण्याची छिद्रं बुजवतो. हे सगळं फवारा ओला असेपर्यंतच होतं. वाळला की त्याचा जोर संपला. दुसऱ्या दिवशी त्या पानावर येऊन बसलेल्या किड्याला काही होत नाही. म्हणून भर दुपारी फवारणं व्यर्थ, शिवाय उन्हात पानंही करपतात. पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, वारा पडलेला असताना आणि मधमाश्या फुलांवर नसताना फवारा. पारा ३२ अंशांच्या वर असेल त्या दिवशी नकोच. कुंडीतली माती आधी ओली असू दे, तहानलेलं झाड साबण सोसत नाही. आणि पानांवर वरवर शिंपडून काही होणार नाही. पानाची मागची बाजू, देठाचा खोबणा, कळीचं बूड, सगळं निथळेपर्यंत भिजलं पाहिजे. दोन-तीन तासांनी झाडावर साधं पाणी मारून साबण धुऊन टाका.

त्याआधी दोन-चार पानांवर लावून एक-दोन दिवस वाट बघा. जास्वंदीला सहसा त्रास होत नाही, पण गॅलरीतल्या बाकी मंडळींना होतो: नेचे, चिनी गुलाब, तेरडा, काटेरी युफोर्बिया. यांच्यावर हा फवारा उडू देऊ नका.

एका फवारणीत संपेल अशी आशा धरू नका. मादी कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते आणि साबण त्या पिशवीत शिरत नाही. दर सहा-सात दिवसांनी, तीन-चार वेळा फवारावं लागेल, म्हणजे अंड्यांतून बाहेर पडणारी बारीक पिल्लं दर वेळी सापडतील. ती पिवळसर, उघड्या अंगाची असतात, मेण अजून चढलेलं नसतं, आणि साबण त्यांच्यावरच सगळ्यात चांगला चालतो. मोठ्या माद्या राहिल्याच तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपा. दहा मिनिटांचं काम आहे.

मधल्या एखाद्या फेरीला कडुनिंब घ्या. निंबोळीची ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, त्यात चिमूट-दोन चिमूट साबणाचा कीस विरघळवा आणि त्याच संध्याकाळी फवारा. शेतकरी ज्याला ५ टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच. यात साबण मारायला नाही, अर्क पानावर पसरायला आणि चिकटायला आहे. कडुनिंब किड्याला लगेच मारत नाही. त्याचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतो, त्यामुळे परिणाम दिसायला आठवडा लागतो. त्यातला गुण उन्हात लवकर उडून जातो, म्हणून संध्याकाळच बरी. उरलेला अर्क ठेवून देऊ नका.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. त्या गोड थेंबांसाठी मुंग्या या किडीची राखण करतात, तिला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात आणि पिल्लं नव्या फांदीवर नेतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवा (डास होऊ नयेत म्हणून ताटलीतलं पाणी रोज बदला), आणि कठड्याला किंवा झोपाळ्याच्या कड्यांना टेकणारी प्रत्येक फांदी कापा. बुंध्याला सेलोटेप गुंडाळून त्यावर व्हॅसलीन लावलंत तरी मुंग्या अडतात.

एक कळकळीची विनंती. फवारण्याआधी भिंग घेऊन नीट पाहा. पिठ्या ढेकणासारखाच पांढरा, पण त्याहून मोठा, अंगावर लांब लांब मेणाच्या झालरी असलेला आणि तुरुतुरु पळणारा किडा दिसला, तर त्याला हात लावू नका. तो क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी असतो आणि पिठ्या ढेकूण हेच त्याचं अन्न. आपली कीड जागची फारशी हलत नाही, हा पळतो, एवढी खूण पुरे. असले मित्रकीटक काय करू शकतात याचं उदाहरण फार जुनं नाही. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात प्रथम सापडला आणि बघता बघता महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. जास्वंदीवरही तो होतो. औषधांनी तो आटोक्यात येईना. शेवटी २०१० मध्ये प्युएर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्याशा, आणि त्यांनी तो आवरला. झुरळांचा स्प्रे घेऊन गॅलरीत जाण्याआधी हे आठवा. तो स्प्रे या मित्रांना आधी मारतो आणि पानंही जाळतो.

टँकरचं पाणी ही तुमची खरी अडचण आहे. राजापूरच्या जांभ्यातलं विहिरीचं पाणी हलकं, तिथे साबणाला सहज फेस यायचा. इकडे बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळून पांढरा साका होतो, आणि मग किड्यासाठी साबण उरतच नाही. तो साका पानांवर आणि लाकडावर बसतो. एका बाटलीत पाणी आणि साबण घालून हलवा. वर फेसाऐवजी पांढरे कण तरंगले, तर फवारणीला ते पाणी वापरू नका. आरओचं प्यायचं पाणी घ्या किंवा पावसाचं धरून ठेवलेलं. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही नको. क्षार सगळे त्यातच गोळा झालेले असतात.

गॅलरीत कढीपत्ता, मिरची असेल तर त्यांनाही हाच साबण चालतो. त्यानंतर दोन-तीन दिवस तोडणी करू नका, आणि तोडलेलं धुऊन वापरा.

आता झोपाळा. कोकणातल्या जुन्या सागवानी सामानावर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं, चपडी (म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. तुमच्या झोपाळ्यावर तेच आहे का हे बघायला फळीच्या खालच्या बाजूला, कुणाला न दिसेल अशा जागी, कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. अर्ध्या मिनिटात जागा चिकट झाली तर लाख. काहीच झालं नाही तर अलीकडचं मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. लाखेची एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बसून रस पिणारा एक इवलासा किडा स्वतःभोवती जे कवच तयार करतो, ती ही लाख. आणि हा लाखेचा किडा तुमच्या जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचा जवळचा नातेवाईक आहे, दोघं एकाच महाकुळातले. एकाच्या कवचाने तुमचा झोपाळा तीन पिढ्या राखला, दुसऱ्याच्या थेंबांनी तो चिकट होतोय.

लाख पाण्याने पांढुरते आणि सोड्यात विरघळते. तुमचे डाग या दोन्हींतून आलेले असू शकतात, किंवा नुसता वाळलेला क्षार असेल. आधी आरओच्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा. गेले, तर क्षारच होता. राहिले, तर झोपाळा सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर तसाच सोडा. आत अडकलेला दमटपणा निघून गेला की पांढुरकेपणा पुष्कळदा आपोआप कमी होतो. तरीही डाग दिसले तर जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात कापूस घालून पुरचुंडी करा, तिला स्पिरिटचा नुसता वास लागेल इतकं ओलसर करा आणि डागावरून एकदा, न थांबता, हलक्या हाताने फिरवा. थांबलात तर तिथे खड्डा पडतो. वरची लाख क्षणभर मऊ होते आणि ओल बाहेर पडते. एका वेळी एकदाच फिरवा, वाळू द्या, मग गरज वाटली तर पुन्हा.

जिथे पॉलिशच गेलंय आणि लाकूड कोरडं, रखरखीत लागतंय, तिथे नवा हात द्यावा लागेल. ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने रेषेच्या दिशेने हलकंच घासा, भुकटी पुसा. लिटरभर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम चपडी हे प्रमाण धरा. तुम्हाला पाव लिटर पुरे. विरघळवून काही महिने ठेवलेली चपडी नीट वाळत नाही, चिकट राहते, म्हणून लागेल तेवढीच करा. पुरचुंडीने पातळ हात, तासाभराने दुसरा, असे चार-पाच. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत नवं पॉलिशही पांढुरतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा जवळ गॅस किंवा निरांजन नको.

त्यावर मेण. मधमाश्यांचं मेण एक भाग, टर्पेंटाईन तीन भाग. मेणाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, गॅस पूर्ण बंद करा, भांडं शेगडीपासून दूर न्या आणि मगच टर्पेंटाईन घाला. गार झालं की लोण्यासारखं होतं. बोटभर घेऊन पातळ चोळा, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने चमक येईपर्यंत घासा. वर्षातून दोनदा पुरे. मेण खादी भांडारात किंवा मध विकणाऱ्यांकडे विचारा.

खोबरेल लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. ते कधीच वाळत नाही, धूळ धरतं आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, वाळतं, म्हणून जुने सुतार ते वापरायचे आणि उघड्या, पॉलिश नसलेल्या सागाला ते खरोखर चांगलं. पण बेलतेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. वापरून झालं की फडकी पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. फवारायच्या चकचकीत पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं; ते एकदा लाकडात शिरलं की पुढे नवं पॉलिश त्यावर नीट बसत नाही, डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. या झोपाळ्यासाठी ते नकोच.

देव्हाऱ्याला साबणाची गरज फार थोडी. काजळी आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओलं फडकं लावलंत तर ती पसरेल. तूप-तेलाच्या रापाला, खाली लाख असेल तर, कापसावर थोडं टर्पेंटाईन घेऊन पुसा. लाख त्यात विरघळत नाही. वास पूर्ण जाईपर्यंत दिवा लावू नका. बाकी मळासाठी लिटरभर कोमट पाण्यात हळदीच्या परीक्षेत पिवळं राहिलेल्या लिक्विडचे चार-पाच थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, मागोमाग साध्या पाण्याचं फडकं, मागोमाग कोरडं. रिठ्याचं पाणीही चालतं, पण पॉलिश शाबूत असेल तिथेच. उघड्या लाकडाला ते तपकिरी डाग देतं. लाल झालेले हळदीचे डाग घासू नका. त्या ठिकाणी सोडा राहिलाय तो ओल्या फडक्याने निघाला की डाग पुन्हा पिवळा होईल, आणि हळदीचा पिवळा रंग उजेडाने उडतो. देव्हारा काही दिवस खिडकीच्या उजेडात ठेवा, कडक उन्हात नको. पितळी घंटी आणि कड्या काढून वेगळ्या घासा. चिंच-मिठाचं पाणी लाकडावर ओघळू देऊ नका.

पेटीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. पिठासारखा भुगा म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगेरा. वरून पॉलिश केल्याने तो थांबणार नाही, तो आत आहे. शिसवीच्या गाभ्याला तो सहसा शिवत नाही. अशा पेट्यांची तळाची फळी पुष्कळदा आंब्याची किंवा तसल्याच हलक्या लाकडाची असते, आधी ती उलटून पाहा. भोकं ब्रशने साफ करा, पेटीखाली काळा कागद अंथरा आणि दोन-तीन आठवडे बघा. नवा भुगा पडला नाही, तर जुनाच सांडत होता, काळजी नको. पडला, तर तळाची फळी सुताराकडून बदलून घ्या, आणि नवी फळी सागाच्या आतल्या गाभ्याची मागा, बाहेरच्या पांढऱ्या भागाची नको. भुगा शिसवीतूनच येत असेल तर घरगुती काही करत बसू नका, जुन्या लाकडाचं काम करणाऱ्या कीडनियंत्रणवाल्याला बोलवा. तोवर पेटी झोपाळ्यापासून आणि देव्हाऱ्यापासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा.